साडेपाच ते पावणेसात

जानेवारी उजाडला की लोकांच्या अंगात येतं. रोज दहा मिनिटं चाला, रोज एक पान लिहा, झोपण्याआधी तीन गोष्टींसाठी आभार माना. आमच्या टीममधला एक अतिउत्साही गोरा मला दरवर्षी विचारतो, यंदा कुठली नवीन हॅबिट लावून घेणार? मी म्हणते, काही नाही, मेट, जुन्याच पुरे आहेत. त्याला वाटतं मी गंमत करते.

माझी एक सवय अगदी पुस्तकात सांगतात तशी लागली होती. रोज, ठरल्या वेळी, एकही दिवस न चुकता. ती कशी लागली आणि तिच्यासाठी मी काय केलं ते आज सांगून टाकते. ऐकायला काही गोड नाही.

कोविडचं दुसरं वर्ष सुरू होत होतं. मेलबर्नच्या कडेला ट्रुगानिनातलं आमचं घर नवीन होतं, अख्खी इस्टेट, म्हणजे इथली घरांची वसाहत, नवीन होती, फुटपाथवरची झाडं माझ्या कमरेएवढी होती. मी मेलबर्नला शिकायला आले आणि इथलीच झाले. तेव्हा एका लॅबसाठी ड्राइव्ह-थ्रू टेस्टिंगला काम करत होते. गाड्यांची रांग, खिडकीतून लोकांच्या नाकात काडी, पुढची गाडी. नवरा आयटीत. तो सकाळपासून बेडरूमचं दार लावून कॉलवर असायचा. मुलगी दोन वर्षांची. आणि घरात आई.

आई त्याच्या आदल्या फेब्रुवारीत आली होती, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला. तीन महिन्यांसाठी. येताना तिने मिरजेच्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, चहा कुठला, साखर कुठली, पोहे कुठले. कारण बाबा. बाबा एसटी डेपोतून रिटायर झालेले, गाड्यांची सगळी वेळापत्रकं तोंडपाठ, पण स्वयंपाकघरात चहापलीकडे शून्य. तीन महिने डबा लावतो म्हणाले. मग विमानं बंद झाली, आणि तीन महिन्यांचे अकरा महिने झाले.

रोज संध्याकाळी साडेसहाला आई त्यांना व्हिडिओ कॉल लावायची. तिकडे दुपारचा एक वाजलेला असायचा, त्यांचं जेवण नुकतंच उरकलेलं. बाबा फोन असा धरायचे की नुसतं कपाळ दिसायचं. "जेवलात का? काय होतं डब्यात?" आई विचारायची. ते भाजीला नावं ठेवायचे. मग विचारायचे, "कधी येतेस?" आई माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "बाबा, नाव नोंदवलंय. अडकलेल्यांना नेणारी सरकारी विमानं असतात ना, त्यात नंबर लागला की मेल येईल."

नाव मी खरंच नोंदवलं होतं. ईमेल माझा, फोन नंबर माझा, पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये. व्हिसा वाढवायचे अर्जही मीच भरले. आपण सगळे हेच करतो. आईबापांचं सगळं आपल्या हातात घेतो आणि वर म्हणतो, त्यांना काय कळतंय त्या ऑनलाइनमधलं. किती काळजी घेते मुलगी, असं मिरजेच्या बिल्डिंगमधल्या काकूसुद्धा म्हणायच्या.

तर जानेवारी. मोठा लॉकडाऊन संपला होता, आणि घरात बसून बसून आपण काहीच केलं नाही ही टोचणी सगळ्यांनाच लागली होती. मला जरा जास्तच. कॉलेजात असताना मी कथा लिहायचे. दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्या होत्या. मग व्हिसा, असाइनमेंटा, नोकऱ्या, बाळंतपण. बारा वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. मी ठरवलं, रोज एक पान. हाताने, फुलस्केप वहीत.

वेळ मिळणार होता तो फक्त पहाटे. पण आमची कन्या साडेपाचला टक्क जागी. आई म्हणाली, "मी नेते तिला बाहेर. तू बस." मग ती नातीला प्रॅममध्ये घालून इस्टेटच्या तळ्याला दोन फेऱ्या मारून आणायची. पावणेसातला परत. मी आठच्या शिफ्टला निघायचे. साडेपाच ते पावणेसात हा माझा वेळ होता, आणि तो आईने दिलेला होता. एवढं तरी मी मान्य करतेच.

मी भारी उत्साहात एक तक्ता प्रिंट केला आणि फ्रिजला लावला. घरातल्या प्रत्येकाचा एक रकाना. नवऱ्याचे पुशअप, पोरीचं पॉटीवर बसणं, माझं पान. आईच्या रकान्यात मी माझ्या मनाने भरलं: वॉक, इंग्लिशचं ॲप, रंगवायचं पुस्तक. तिचं मन रमावं म्हणून. असं मी म्हणत होते. खरं म्हणजे ती गुंतली की मला त्या नजरेने बघणार नाही, हे मला हवं होतं.

आईने तक्ता चष्मा लावून वाचला. "हॅबिट म्हणजे आपला नेमच की."

"तसंच काहीसं."

"चातुर्मासात आम्ही धरायचो. पण नेमात काहीतरी सोडायचं असतं गं. कुणी वांगं सोडतं, कुणी गोड. तू काय सोडलंस?"

"झोप," मी म्हणाले. ती हसली. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, मला भात वाढू नकोस. तिला साखर आहे. मी वर्षानुवर्षं तिच्या मागे लागले होते, भात कमी कर म्हणून. मला इतका आनंद झाला की मी तिच्या रकान्यात 'भात बंद' असं लिहिलं आणि रोज तिथे पोरीच्या स्टिकरमधली एक चांदणी चिकटवायला लागले. भात म्हणजे आईचा जीव की प्राण, हे मला माहीत होतं. एवढ्या सहज कसा सुटला, हे मी विचारलं नाही.

आणि मी लिहीत होते. काय सांगू, हात नुसता सुटला होता. पहिले चार दिवस रडतखडत, आणि मग पानाची दोन पानं व्हायला लागली. मिरजेतल्या एका मुलीची गोष्ट होती. टेस्टिंगच्या रांगेत उभी असताना मला पुढची वाक्यं सुचायची. पीपीईच्या आत घाम, वर इथल्या जानेवारीच्या उन्हाळ्याचा कहर, आणि मी मनातल्या मनात खूश. बारा वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी ती मेल आली. दुपारी, ब्रेकमध्ये. आईचा नंबर लागला होता. फेब्रुवारीतलं विमान, दिल्लीमार्गे. सीट हवी असल्यास दोन दिवसांत कळवावे.

मी मेल वाचली, फोन खिशात टाकला आणि पुढच्या गाडीकडे गेले.

दोन दिवस आहेत, मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी घरी पोचले तर आईने थालीपीठं लावली होती आणि पोरगी तिच्या मांडीवर बसून लोणी खात होती. आता नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तीन पानं लिहिली, त्या वहीतली सगळ्यात चांगली. मग माझं डोकं वकिलासारखं चालायला लागलं. दिल्लीला क्वारंटाइन आहे, तिथून मिरजेपर्यंत एकटी कशी जाईल? साखर आहे. वय आहे. वाटेत काही झालं तर? इथे एक पेशंट नाही आणि आपण तिला तिकडे ढकलायचं? सगळे मुद्दे खरे होते, हेच त्यातलं वाईट. त्यातला एकही मी आईपुढे मांडला नाही. तिच्यापुढे ठेवले असते तर ती म्हणाली असती, मी जाते. आणि मग पहाटे पोरीला कोण नेणार?

नवऱ्याने सहज विचारलं, "आईंची काही मेल वगैरे?"

"नाही," मी म्हणाले.

नकार मी कळवला नाही. नुसतंच काही केलं नाही, आणि दोन दिवस गेले. सीट दुसऱ्या कुणाला गेली असणार. मला अपराधी वाटलं का? वाटलं, साधारण आठवडाभर. मग मी मनाशी ठरवलं, पुढच्या वेळी मेल आली की नक्की. एप्रिलपर्यंत पोरीला डे केअरमध्ये घालू, माझी वहीही संपत येईल, आणि आईला तिकडच्या उन्हाळ्यात आंब्याच्या वेळी पाठवू. किती छान प्लॅनिंग! स्वतःची इतकी सोय बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एप्रिलमध्ये तिकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे आम्ही कॅफेत बसून कॉफी पीत होतो आणि फोनवर रोज कुणाचं तरी कोण तरी गेलं होतं. बाबांनी डबा बंद केला, डबेवाल्या बाईच्याच घरात सगळे आजारी पडले म्हणून. आई संध्याकाळी फोनवर त्यांना खिचडी शिकवायची. मूग किती, तांदूळ किती, शिट्ट्या किती. मी आता तिच्या जाण्यासाठी मेलमागून मेल पाठवत होते, फोन लावत होते. आता. आणि महिनाअखेरीस इथल्या सरकारने भारताची विमानंच बंद केली.

बाबांना ताप आला तेव्हा ते तीन दिवस आईला म्हणाले, घसा बसलाय नुसता. चौथ्या दिवशी फोन शेजारच्या काकांनी उचलला. त्यांनीच बाबांना दवाखान्यात नेलं होतं. नऊ दिवस. रोज कुणीतरी वॉर्डबॉय दयेने फोन समोर धरायचा. आई बोलायची, ते मास्कमधून हात हलवायचे. दहाव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. बाबांना महापालिकेच्या माणसांनी नेलं. आम्हाला बघायलाही मिळालं नाही. आई सोफ्यावर बसून राहिली. हातातला फोन तिने संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पोरगी उठली. मी उठून बाहेर आले तर आई स्वेटर घालून, प्रॅम घेऊन दारात उभी.

"आई, काय करतेस तू?"

"पोरगी उठलीय. तू बस लिहायला," ती म्हणाली आणि गेली.

मी बसले. आणि, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मी लिहिलंसुद्धा. अर्धं पान. हाताला सवय झाली होती. सवय लागली की मन लागतंच असं नाही, हात चालतो. पेन खाली ठेवल्यावर मला स्वतःची अशी शिसारी आली की मी वही मिटून ड्रॉवरमध्ये टाकली. त्या वहीत त्यानंतर एक अक्षर नाही.

तेराव्याला गुरुजींनी झूमवर सांगितलं तसं आम्ही केलं. गार्डनमधल्या फेन्सवर घास ठेवला, तर कावळ्याऐवजी इथला काळापांढरा मॅगपाय आला. तो चालतो का हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग आम्ही जेवायला बसलो. आईने स्वतःच्या हाताने ताटात भात वाढून घेतला. वरण घातलं, तूप घातलं.

मी, मूर्ख, म्हणाले, "आई, अगं साखर."

"साखरेसाठी नव्हता सोडला," आई म्हणाली. "घरी जाऊन त्यांच्या पंगतीला बसेन तेव्हाच भात खाईन, असा नेम धरला होता. आता तो कुणासाठी ठेवू?"

ती खाली मान घालून सगळा भात जेवली. फ्रिजवर तिच्या रकान्यात मी लावलेल्या चांदण्या चार ओळी भरून होत्या. मी त्या रात्री तक्ता काढला नाही, दुसऱ्या दिवशी नवऱ्याने काढला.

आईला पाठवता आलं ते थेट नोव्हेंबरात. आधी विमानं नव्हती, मग तिचा दुसरा डोस राहिला, मग आमच्याकडे पुन्हा लॉकडाऊन. तीही काही म्हणायची नाही. "आता कसली घाई," एवढंच. पोरगी डे केअरला जायला लागली होती. आई दिवसभर खिडकीशी बसायची. तिने मला एकदाही टोचून काही ऐकवलं नाही, आणि मी ते तिच्या चांगुलपणात जमा करून मोकळी झाले होते. तिला काही माहीत नाही, असंच मी धरून चालले होते.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी तिची बॅग भरत होतो. मी साड्या देत होते, ती रचत होती. ती वर न बघता म्हणाली, "त्या फेब्रुवारीतल्या विमानाचं मला माहीत होतं."

माझ्या हातात तिची निळी साडी होती.

"तळ्यावर त्या नाशिकच्या बाई भेटायच्या ना, सुनेकडे अडकलेल्या. त्यांना मेल आली तशी मला त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, तुमचं नाव माझ्या आधी नोंदवलंय, म्हणजे तुम्हालाही आली असणार. जोडीनं जाऊ. मी घरी येऊन वाट बघितली, तू आज सांगशील, उद्या सांगशील. त्या बाई निघेपर्यंत वाट बघितली."

"मग विचारायचं होतंस ना!" माझा आवाज चढला. चूक माझी आणि चिडले मी तिच्यावर, हे तर माझं नेहमीचंच. "मला बोलायचं होतंस, शिव्या द्यायच्या होत्यास."

"मी कशाला विचारू? मेल तुझ्याकडं आली होती." तिने साडी माझ्या हातातून घेतली. "तू पहाटे लिहायला बसायचीस, मला दिसत नव्हतं का? लहानपणी वही घेऊन बसायचीस तशी दिसायचीस. तू नुसतं म्हणाली असतीस, आई, मला अजून दोन महिने हवेत, राहतेस का? तर राहिले असते मी. त्यांनाही सांगितलं असतं, पोरीला गरज आहे. ते कुरकुरले असते, पण हो म्हणाले असते. तुला कधी नाही म्हटलं होतं का त्यांनी?"

मी बेडवर बसले. मला वाटलं, संपलं. याहून वाईट काही उरलं नाही. पण तिचं संपलं नव्हतं.

"पण त्या बाई नाशिकला पोचल्या ते तुझ्या बाबांना कळलं, मीच बोलून गेले होते. मग ते रोज विचारायला लागले, विमानं येतायत, लोक परततायत, तूच कशी नाहीस? आता काय सांगू? लेकीनं लपवलं, असं सांगू? तुझं नाव त्यांच्या मनातून उतरलं असतं. मग एकदा तू घरी नसताना मी म्हटलं, मलाच राहायचंय. इकडं मला बरं वाटतंय, हवा मानवलीय. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, कधी येतेस म्हणून."

तिने बॅगेची चेन लावायला घेतली. ती अडकली होती. मी मदतीला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

"दवाखान्यात गेले तरी नाही विचारलं," ती म्हणाली. "मला तुझ्याकडं करमतंय असंच समजून ते गेले. एक दिवस करमलं नाही गं मला इथं. एक दिवस नाही. हे आता त्यांना कोण सांगणार?"